चिखलातल्या चिठ्ठ्या

मागच्या महिन्यात या सदरात माझा लेख नव्हता. संपादिकाताईंचे दोन निरोप आले, आणि बडोद्याहून आईचा काळजीचा फोनही आला. तब्येत उत्तम आहे, मंडळी. दोन आठवडे मी रोज सकाळी डबा भरून, न्यूकॅसलहून ट्रेन पकडून एका माळावर जात होते आणि दिवसभर गुडघे टेकून चिखल उकरत होते. संध्याकाळी घरी परतल्यावर चहाचा कप धरण्यापुरतीच ताकद बोटांत उरायची. लेख लिहिणार कुठून?

"कसलं काम आहे म्हणे?" आईने विचारलं.

"रोमन सैन्याचं जुनं ठाणं आहे. तिथे उत्खनन चालतं. मी स्वयंसेवक म्हणून जातेय."

"पगार काय देतात?"

"पगार नाही. उलट मीच फी भरली आहे."

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, "आपल्याकडे खड्डा खणायला माणूस बोलावला तर तो आपल्याकडून पैसे घेतो गं. तू पैसे देऊन खणायला निघालीस. बापरे, शिकलेली माणसं!"

तेव्हा हा लेख आधी आईसाठी, आणि मग तुम्हा सगळ्यांसाठी.

या जागेचं नाव विंडोलांडा. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला नॉर्थम्बरलंड नावाचा परगणा आहे. न्यूकॅसल ते कार्लाइल या छोट्या रेल्वेमार्गावर बार्डन मिल नावाचं चिमुकलं स्टेशन लागतं. तिथून दोनेक मैल चढण चढलं की उघडा माळ, दगडी कुंपणं, मेंढ्या आणि न थांबणारा वारा. जवळच उत्तरेला हेड्रियनची प्रसिद्ध भिंत आहे. सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये ती बांधायला घेतली. पण विंडोलांडाचं ठाणं भिंतीहूनही जुनं, साधारण इ.स. ८५ च्या सुमाराचं. तिथे एकावर एक निदान नऊ किल्ले बांधले गेले. आधीचे लाकडाचे होते, नंतरचे दगडाचे.

एरिक बर्ली नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९२९ मध्ये इथली जमीन आणि घर विकत घेतलं. पुढे १९७० मध्ये एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. एरिक यांचा मुलगा रॉबिन यांनी अनेक वर्षं इथे खोदकाम केलं, आणि आज नातू अँड्र्यू उत्खननाचे प्रमुख आहेत. तीन पिढ्या एकाच शेतात खणत आहेत, आणि शेत अजून संपलेलं नाही. संस्थेचा खर्च मुख्यतः बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांवर आणि देणग्यांवर चालतो. उन्हाळ्याच्या हंगामात जगभरातून स्वयंसेवक येतात, दोन-दोन आठवडे राबतात आणि परत जातात. वय सोळाच्या पुढे हवं, अनुभव नसला तरी चालतो. जागा मात्र आदल्या वर्षीच भराभर भरतात. मला दुसऱ्या प्रयत्नात मिळाली.

आमच्या तुकडीत एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर होते, इतिहास शिकणारी दोन मुलं होती आणि हॉलंडमधल्या नायमेखनहून आलेली एक निवृत्त नर्स होती. ती नर्स दरवर्षी येते. का, असं विचारल्यावर म्हणाली, "आमची मुलं इथे नोकरीला होती ना, त्यांची चौकशी करायला." पहिल्यांदा मला विनोद कळला नाही. मग समजलं. विंडोलांडाला 'रोमन' म्हणून राहणाऱ्या सैनिकांतले फारच थोडे रोमचे होते. इथल्या पलटणी बटाव्हियन आणि टुंग्रियन लोकांच्या. बटाव्हियन म्हणजे ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळचे, आजच्या नायमेखनच्या आसपासचे. टुंग्रियन म्हणजे आजच्या बेल्जियममधले. नोकरीनिमित्त घरापासून दूर आले, दुसऱ्याच भाषेत कारभार करू लागले आणि इथे संसार थाटून बसले. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर बडोद्याला आलेल्या घराण्यातल्या मुलीला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. हातात एक छोटी टोकदार थापी, गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण म्हणा. शेजारी बादली, मागे एकचाकी गाडा, गुडघ्यांखाली रबराची गादी. पोळपाटावरचं पीठ खरवडावं तशी माती हलक्या हाताने आपल्याकडे ओढायची. बादली भरली की गाड्यात, गाडा भरला की ढिगाऱ्यावर. फळीवरून ओला गाडा ढकलत नेणं ही एक स्वतंत्र कला आहे. पहिल्या दिवशी मी दोनदा मातीसकट उलटले. फार पाऊस आला की खणणं बंद. मग शेडमध्ये बसून टूथब्रशने खापरं घासायची. तेही मला आवडायचं. चिखलाचा गोळा घासता घासता खालून लालचुटुक, चकचकीत खापर निघायचं. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, बनून इथवर आलेली ही उंची भांडी. कुणाच्या तरी हातून फुटली आणि कचऱ्यात गेली.

कचरा हा शब्द लक्षात ठेवा. कारण तिथे सापडतं ते बहुतेक सगळं कचराच असतं. गाईबैलांची हाडं, खिळे, खापरं, कातड्याचे तुकडे. सोन्याचा हंडा निघाला का, हा प्रश्न बडोद्याहून चार जणांनी विचारला. नाही निघाला.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मातीत काहीतरी हिरवट चमकलं. कांस्य गंजलं की असा मोरचुदी रंग येतो, हे आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ते चटकन उपसलं आणि तळहातावर घेऊन पर्यवेक्षकाकडे पळाले. वस्त्र अडकवायच्या पिनेचा तुकडा होता. त्याने तो पाहिला, छान म्हणाला, आणि विचारलं, "नेमका कुठे होता?"

मी मागे वळून पाहिलं. माझा खड्डा बोटांनी आणि बुटांनी पार विस्कटला होता. "साधारण तिथे," मी म्हणाले.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे समजावलं. मातीचे थर म्हणजे घडी घालून ठेवलेले काळ. वस्तू कुठल्या थरात, कुठल्या खोलीत, कशाच्या शेजारी होती यावरून ती कधीची, कुणाची आणि तिथे का, हे कळतं. जागा नोंदवायच्या आधीच ती उचलली की उरतो फक्त धातूचा तुकडा. म्हणजे, मी मनाशी म्हटलं, पत्ता फाटलेलं पाकीट. आतला कागद शाबूत, पण आलं कुठून ते आता कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या त्या पिनेच्या पिशवीवर ठिकाण 'अंदाजे' अशी नोंद झाली. तो शब्द मला अजून टोचतो.

त्यानंतर मी शहाणी झाले. काही दिसलं की हात वर करून तिथेच बसून राहायचे. म्हणून आठव्या दिवशी जे मिळालं त्याला नीट पत्ता आहे.

त्या दिवशी आम्ही खालच्या काळ्या थरात पोचलो होतो. हा थर म्हणजे विंडोलांडाचं खरं भांडार, आणि त्याचं कारण तुमच्या घरच्या बरणीत आहे. लोणच्यावर तेलाचा थर राहिला की हवा आत जात नाही आणि लोणचं टिकतं. इथेही तसंच झालं. एक पलटण गेली की जुना लाकडी किल्ला पाडायचा, त्यावर चिकणमाती आणि गवताची ढेकळं पसरून जमीन सपाट करायची आणि वर नवा किल्ला बांधायचा. खालच्या ओल्या कचऱ्याला हवाच मिळेना. कुजवणाऱ्या जंतूंना जगता येईना. म्हणून लाकूड, चामडं, जमिनीवर अंथरलेला पालापाचोळा, सगळं जसंच्या तसं राहिलं. थर उघडला की तबेल्यासारखा वास येतो, एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या तबेल्याचा. उघडी पडलेली हाडं आणि लाकडं काही वेळात निळ्या भुकटीने माखतात. हवेशी गाठ पडली की त्यातल्या एका खनिजाचा रंग पालटतो.

त्या काळ्या मातीत माझ्या बोटांना काहीतरी लवचीक लागलं. भिजवलेल्या आमसुलासारखं काळपट तपकिरी आणि मऊ. मी हात वर केला. पर्यवेक्षक आला, जागा मोजली, फोटो झाला, आणि मग आम्ही दोघांनी बोटांनीच सभोवतालची माती काढली. एका पायताणाचा तळ होता. माझ्या तळहाताहून लहान. अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेला.

दोन-तीन वर्षांचं पोर असेल. चालताना अंगठा दाबून चालत असेल. माझा भाचा तसाच चालतो.

तो तळ लगेच पाण्याच्या पिशवीत गेला, कारण वाळला की चामडं आक्रसतं आणि तडकतं. पण त्यापूर्वी जे सेकंद तो माझ्या हातात होता, त्यांनी माझी फी वसूल झाली.

विंडोलांडाला आजवर पाच हजारांहून जास्त पादत्राणं मिळाली आहेत. त्यांनी इतिहास बदलला, ही अतिशयोक्ती नाही. रोमन कायद्याप्रमाणे साध्या सैनिकाला नोकरीत असेपर्यंत लग्न करायची परवानगी नव्हती, आणि हा नियम दोनेकशे वर्षं टिकला. त्यामुळे किल्ला म्हणजे नुसत्या पुरुषांची जागा, असं बराच काळ धरून चाललेलं होतं. पण सैनिकांच्या बराकींतून बायकांची आणि तान्ह्या मुलांची पायताणं निघू लागली. कायदा कागदावर राहिला, संसार आत नांदत होता. सरकारी नोंदीने जे सांगितलं नाही ते उकिरड्याने सांगितलं.

आणि आता चिठ्ठ्यांकडे येते, कारण मी मुळात त्यांच्यासाठीच तिथे गेले होते.

१९७३ च्या मार्च महिन्यात रॉबिन बर्ली यांना खड्ड्यात लाकडाच्या ढलप्या मिळाल्या. सुताराच्या रंध्यातून निघाव्यात तशा पातळ. दोन ढलप्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवल्या तर आत शाईच्या खुणा! पण हवा लागताच त्या दिसेनाशा झाल्या आणि लाकूड काळं पडलं. मग न्यूकॅसलच्या विद्यापीठात इन्फ्रारेड किरणांनी फोटो काढले, आणि काळ्या लाकडावर अक्षरं पुन्हा उमटली. पण ती वाचणार कोण? शिलालेखांवर कोरलेली ठसठशीत रोमन अक्षरं वेगळी आणि रोजच्या वापरातली ही धावती लिपी वेगळी. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या दोन विद्वानांनी अनेक वर्षं खर्चून ती उलगडली. आजवर अशा हजाराहून जास्त पट्ट्या मिळाल्या आहेत. बहुतेक पोस्टकार्डाएवढ्या, बर्च किंवा आल्डर लाकडाच्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या. त्यांतल्या बऱ्याचशा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

लिहिलंय काय त्यांत? युद्धाच्या गोष्टी फारशा नाहीतच. एका पट्टीवर पलटणीची हजेरी आहे. ७५२ जणांपैकी ४५६ कामगिरीवर बाहेर, २९६ हजर. हजर असलेल्यांतले ३१ निकामी: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले! एकाला घरून पायमोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचं पत्र आहे. एक अधिकारी वरिष्ठांना कामाचं विचारता विचारता कळवतो की माझ्या लोकांची बिअर संपली आहे, पाठवण्याची व्यवस्था करावी. एक व्यापारी धान्याच्या व्यवहारात अडकला आहे, त्याला पैसे हवेत, आणि रस्ते खराब आहेत म्हणून जनावरांना त्रास देत नाही असंही तो सांगतो. एका नोंदीत स्थानिक ब्रिटन लोकांचा उल्लेख तुच्छतेने केला आहे. 'क्षुद्र ब्रिटन' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. इंग्लंडच्या संग्रहालयात हे वाचताना मी गालातल्या गालात हसले, हे कबूल करते.

सगळ्यांत प्रसिद्ध पत्र क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईचं, साधारण इ.स. १०० च्या सुमाराचं. ती दुसऱ्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको. विंडोलांडाच्या अधिकाऱ्याची बायको सुल्पिकिया लेपिडिना ही तिची मैत्रीण. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस तर दिवस गोड होईल, असं तिने बोलावणं धाडलं आहे. मजकूर लेखनिकाने लिहिला, पण शेवटचे मायेचे शब्द वेगळ्या, जरा अडखळत्या अक्षरात आहेत. ते क्लॉडियाने स्वतः लिहिले. बाईच्या हाताने लिहिलेल्या लॅटिनचा तो जगातल्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. असं पत्र उकिरड्यात कसं आलं? बदलीचा हुकूम आला, आवराआवर झाली, नको असलेले कागद टाकून दिले, काहींना आग लावली. लेपिडिनाने सांभाळून बरोबर नेलेली पत्रं कुठे गेली कुणास ठाऊक. टाकलेली राहिली.

आणि एक हिशेबाची पट्टी. सैनिकांची नावं आणि त्यांनी घेतलेला माल. त्यात गांबाक्स नावाच्या शिपायापुढे लिहिलंय: मिरी, दोन दिनार. काळी मिरी त्या काळी येत होती ती आपल्या मलबारातून. मुझिरिस बंदरातून जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, मग भूमध्य समुद्र, आणि शेवटी या वाऱ्याच्या माळावर. त्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रप्रवासाचं वर्णन उपलब्ध आहे. त्यात बडोद्याजवळचं भरूच आहे, आणि पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भरूच बंदरात येतो असंही सांगितलं आहे. दांडिया बाजारातून पूल ओलांडून आपण ज्या अकोट्यात जातो, तिथल्या उत्खननात रोमन भांड्याची इरॉसची आकृती असलेली कांस्याची मूठ मिळाली होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या सागरदेवतेची छोटी मूर्ती सापडली. टाउन हॉल संग्रहालयात ती आहे. हे सगळं मी शाळेत कधीतरी वाचलं असणार. पण बोटं गारठलेली असताना 'मिरी' हा शब्द भेटला, तेव्हा ते खरं वाटलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

२०१६ मध्ये आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर पाडायचं ठरलं. सगळी चुलत भावंडं आवराआवरीला जमलो होतो, मीही इथून सुट्टी काढून गेले होते. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचे कागद, घरचे हिशेब, साताऱ्याकडच्या नातेवाइकांची पत्रं. सगळं मोडीत. चुलतभावाने विचारलं, "याचं काय करायचं?" आणि मी, घरातली सगळ्यांत शिकलेली, वाचनाची आवड असलेली वगैरे, मी म्हणाले, "कोण वाचणार आहे आता? धुळीने शिंका येतायत, देऊन टाक."

पस्तीवाला आला. एक ट्रंक त्याने जमिनीवर उपडी केली आणि कागद तराजूत भरले. साडेअकरा किलो. आलेल्या पैशांत सगळ्यांनी शेव-उसळ खाल्ली. मला चवसुद्धा आठवते.

विंडोलांडाच्या संग्रहालयात काचेमागे त्या पट्ट्या पाहताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने बाबांना विचारलं, "पण हे कुणाला वाचता येतं?" माझंच वाक्य, माझ्यासमोर. फरक इतकाच की १९७३ मध्ये कुणी तरी 'आज वाचता येत नाही' आणि 'वाचण्यासारखं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ओळखलं. मी ओळखलं नाही. मोडी तर धावत्या रोमन लिपीइतकी हरवलेलीही नाही. ती येणारी माणसं आज आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ती शिकवली जाते.

तिथे ऐकलेली आणखी एक गोष्ट. १९९३ च्या खोदकामातल्या चामड्याच्या कतरणांची एक पिशवी संग्रहात पडून होती. २०२० मध्ये संग्रहालय बंद असताना तिथल्या मंडळींनी ती पुन्हा उघडून पाहिली. त्यात चामड्याचा कापलेला छोटा उंदीर होता, शेपटीसकट. कुणा मुलाचं खेळणं. सत्तावीस वर्षं तो कतरण म्हणून गणला गेला, पण फेकला गेला नाही, म्हणून सापडला.

मात्र थांबायला वेळ आहे, असं समजू नका. या काळ्या थरांना आता हवामान बदलाचा धोका आहे. कोरडे उन्हाळे वाढले, जमीन सुकू लागली, भेगांतून हवा आत शिरू लागली, की लाकूड-चामडं मातीतच कुजणार. लोणच्यावरचं तेल आटल्यासारखंच. जवळच्या माग्ना नावाच्या ठाण्यात म्हणूनच २०२३ पासून मोठं उत्खनन हाती घेतलं आहे, तिथली पाणथळ जमीन सुकते आहे म्हणून. जे निघायचं ते आता निघालं तर निघालं. न्यूकॅसलला परतताना ट्रेनमध्ये मी हाच विचार करत होते, आणि तिथूनच मोठ्या काकूला फोन लावला.

दुसऱ्या ट्रंकेतला एक रुमाल तेव्हा काकूने ठेवून घेतला होता. रुमाल म्हणजे दफ्तरातले कागद ज्या कापडात बांधतात तो बस्ता. कागदांसाठी नव्हे, लाल कापड चांगलं होतं, देवघरात कामाला येईल म्हणून.

"काकू, तो लाल रुमाल आहे का हो? की कापड वापरलंत?"

"वापरायचं राहूनच गेलं. गणपतीच्या सामानाखाली आहे. का गं?"

"आतले कागद?"

"आतच असतील. मी गाठ सोडलीच नाही."

मी ट्रेनमध्ये इतक्या जोरात "थँक यू काकू" म्हणाले की समोरचे आजोबा दचकले. मग मी तिला पर्यवेक्षकासारखी सूचना दिली: सोडू नका, क्रम बदलू नका, कागदावर कागद जसे आहेत तसेच राहू देत. काकू म्हणाली, "तू आता मला आवरायला शिकवणार?" पण तिने ऐकलं. चुलतभावाने रविवारी जाऊन गाठ सोडली, एकेका कागदावर क्रमांकाची चिठ्ठी ठेवली आणि फोटो काढून पाठवले. एकूण ४३ कागद. शेव-उसळीचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुमच्यापैकी कुणाला विंडोलांडाला यायचं असेल तर जरूर या. गुडघे आणि रेनकोट मजबूत आणा. इतकं दूर जमणार नसेल तर अकोट्याची, ब्रह्मपुरीची, तेरची माहिती काढा, संग्रहालयं बघा. पण त्याआधी आजी-आजोबांना एकदा विचारा, माळ्यावर काय आहे. ट्रंक मिळाली तर उपडी करू नका. वरचा कागद वर आणि खालचा खाली असू द्या. फोटो काढा, मागे तारीख आणि कुणाच्या घरातून आला ते लिहा. वाचता आलं नाही तरी चालेल. वाचणारं कुणीतरी येईपर्यंत पत्ता शाबूत राहिला पाहिजे.

मी मोडी शिकायला घेतली आहे. पहिला कागद एक पत्र आहे. वर 'श्री', मग नाव, मग 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' इतकं मला लागलं. हा मायना तर जुन्या सगळ्याच पत्रांत असतो, त्यात मोठं काही नाही, असं भाऊ म्हणतो. बरोबर आहे त्याचं. पुढच्या शब्दावर मी तीन आठवडे अडले आहे.